चोराच्या तोंडची भाषा

संपादकांचा फोन आला तेव्हा मी गॅलरीतले वाळलेले कपडे काढत होते. मी पाठवलेली पहिली पाच प्रकरणं त्यांनी वाचली होती. "अनुवाद अचूक आहे," ते म्हणाले, "पण एक सांगू? राणी, चोर, नावाडी, राक्षसीण, सगळे एकाच शाळेत, एकाच बाईंच्या हाताखाली शिकल्यासारखे बोलतात."

मला राग आला, कारण ते खरं होतं. ती बाई मीच होते. पुण्यात वाढलेली, वक्तृत्वाच्या बक्षिसांची भांडी अजून वापरणारी, आणि नवऱ्याच्या मारतहळ्ळीच्या नोकरीपायी गेली अकरा वर्षं बेंगळुरूत, बनशंकरीला राहणारी. इथे येऊन माझी मराठी आणखीच इस्त्रीची झाली होती. घराबाहेर वापरच नाही, मग चुरगळणार कशी?

पुस्तक जाडजूड होतं, अद्भुताचं, पण मोठ्यांसाठीचं. त्यातल्या राणीनं जगातले सगळे वारे एका बुरुजात कोंडून ठेवलेत आणि प्रजेला ती ते मर्जीप्रमाणे सोडते. एक चोर पूर्वेचा वारा मडक्यात भरून पळवतो आणि मग सहाशे पानं पळापळ. इंग्रजी लेखकाचं काम सोपं होतं. चोर अर्धे शब्द गिळतो, राणी प्रत्येक शब्द पुरता उच्चारते, की झालं. समोरच्याला हाक मारायला दोघांकडे शब्द एकच. मराठीत तोंड उघडण्याआधी समोरचा कोण, आपण कोण, वय काय, ओळख किती, परवा भांडण झालंय का, हे सगळं ठरवावं लागतं. त्याशिवाय क्रियापद हाती येत नाही. शिवाय आपण देवाला ‘तू’ म्हणणारी आणि जावयाला ‘तुम्ही’ म्हणणारी माणसं. आता यात वारे कोंडणारी राणी कुठे बसवायची आणि जिला तीन डोकी आहेत त्या राक्षसिणीला एकवचन लावायचं की अनेकवचन, हे मला कोण सांगणार?

म्हणून मी कान टवकारून हिंडायला लागले. बेंगळुरूत मराठी वेचावी लागते. लिफ्टमध्ये नागपूरचा एक तरुण भेटायचा. तो साहेबाशी फोनवर हिंदीत "जी सर, बिलकुल सर" करायचा आणि दुसरा फोन घेऊन लगेच आईला "अगं तू जेव ना, माझी काय वाट बघतेस" म्हणायचा. त्या दोन वाक्यांमध्ये त्याचे खांदेसुद्धा बदलायचे. जयनगरला तीन पिढ्यांपासून राहिलेले एक मराठी कापडवाले आहेत. ते गिऱ्हाइकाला "स्वल्प बसा अक्का, दाखवतो" म्हणतात, आणि त्या कन्नड ‘स्वल्प’मध्ये, म्हणजे ‘जरा’मध्ये, आदर आहे की घाई, हे मला अजून कळलेलं नाही. मी घरी येऊन हे सगळं वहीत उतरवायचे. पण त्यातून चोर काही उभा राहीना.

आमच्या खालच्या मजल्यावर निपाणीकडची एक जण राहते. चाळिशीची, एकटी, एका इस्पितळाच्या लॅबमध्ये कामाला. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि दोन्हीकडे सारखीच फटाफट. तिनं आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून आणलं होतं. ऑपरेशन झाल्यावर एक दिवस ती वर आली आणि म्हणाली, "आईला टीव्ही नको सांगितलाय, वाचायचं नाही, वाकायचं नाही. एकटी बसून वैतागलीय. दुपारचं तुमच्याकडे पाठवू का?"

मी हो म्हटलं, पण त्यात माझा स्वार्थ होता. संवाद मोठ्यानं वाचून बघायची माझी पद्धत आहे. तोपर्यंत मी ते फ्रिजला वाचून दाखवायचे. फ्रिज कधी हसत नाही आणि जांभईही देत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी आल्या. ‘मावशी’ ही आमची पुण्याची हाक, ओळखीच्या आणि अनोळखी सगळ्या मोठ्या बायकांना लागू पडणारी. सत्तरीच्या आसपास वय, काळा चष्मा, हिरवं इरकल लुगडं. खुर्चीच्या टोकावर बसल्या. मी प्रकरण वाचायला घेतलं. दोन पानं त्यांनी ऐकून घेतली. मग चोराच्या हातून मडकं निसटलं आणि माझा चोर म्हणाला, "अरेरे, हे काय होऊन बसले!"

"अगं, असं कुठं बोलतंय व्हय माणूस!" मावशी म्हणाल्या. "मडकं फुटालंय आणि हा भाषण करालाय. ‘मेलो की रं’ म्हणंल त्यो!"

मी थबकले. मग त्या पुढे आणखी काही बोलतील म्हणून पेन्सिल हातात घेतली, आणि त्या बोलतच राहिल्या.

त्या तीन आठवड्यांतल्या दुपारी माझ्या आयुष्यातल्या सुखाच्या दुपारी होत्या. मावशी मला तिसऱ्या दिवसापासून ‘तू’ म्हणायला लागल्या. त्या स्वतःबद्दल ‘आलो’, ‘गेलो’ म्हणायच्या, तिकडच्या बायका म्हणतात तसं. "सकाळीच आलो असतो, पर लेक सोडंना," असं म्हणत त्या दारातून यायच्या. राक्षसिणीच्या तीन डोक्यांचं त्यांना मुळीच आश्चर्य वाटलं नाही. एकीलाच तीन तोंडं असली तर जेवायच्या वेळी भांडण कसं होत नाही, एवढाच त्यांचा प्रश्न होता. मला तो इतका आवडला की लेखकाला कळवावा असं वाटलं. मी कान देऊन ऐकायचे आणि जे जे आवडेल ते ते वहीत टिपायचे. त्या गेल्या की ते उचलायचं आणि चोराच्या तोंडात घालायचं. मग नावाड्याच्या. मग बुरुजाखालच्या खानसाम्याच्या. पुस्तकातली झाडून सगळी खालची माणसं भराभरा बोलायला लागली.

संपादकांचा पुन्हा फोन आला. "चोर झकास! बेटा जिवंत झाला. राणी मात्र अजून बातम्या वाचतेय हं."

राणीचं नंतर बघू, असं मी म्हटलं. चोराच्या कौतुकानं मी दोन दिवस हवेत होते. आणि त्याच भरात मी नवी प्रकरणं मावशींना वाचून दाखवायला घेतली.

चोर बोलला तेव्हा त्या खूश झाल्या. "हां, आत्ता माणसात आला," म्हणाल्या. नावाडी बोलला, तेव्हा हसल्या. पुढे खानसामा आला, दारूच्या नशेत वाऱ्याला शिव्या देणारा. मग चोराचा लबाड भाऊ आला. मधे मधे राणी आणि तिचे प्रधान येत होते, माझ्या इस्त्रीच्या मराठीत. मी रंगून वाचत होते, त्यामुळे मावशींचं हसू कधी थांबलं ते मला कळलं नाही.

प्रकरण संपलं तेव्हा त्या म्हणाल्या, "एक इचारू? ह्ये सगळे चोर, दारुडे आमच्याकडचेच कसे काय गं?"

मी हसून काहीतरी बोलले. भाषा रसरशीत आहे, तिच्यात दम आहे, असलं काहीतरी. कौतुकच करत होते मी. त्या ऐकून घेत होत्या. मग उठल्या आणि कठड्याला धरून सावकाश खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. आल्याच नसत्या तर बरं झालं असतं, इतकं मला ते लागलं. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मॅडम, आज आपण वाचणार आहात ना?"

मला आधी थट्टा वाटली. थट्टा नव्हती. त्या ‘जायचे आहे’, ‘करायचे आहे’ असं छापल्यासारखं बोलायला लागल्या. "मी आलो" म्हणायला तोंड उघडायच्या, थांबायच्या, आणि "आले" म्हणायच्या. त्या थांबण्याकडे मला बघवेना. वाचताना चोरावर हसायचं बंद, राक्षसिणीबद्दल प्रश्न बंद. "छान आहे," एवढंच म्हणायच्या. मी "मावशी, असं काय बोलताय?" म्हटलं तर "बरोबर बोलते आहे ना?" असं विचारायच्या, आणि तेही मनापासून.

मी काय केलं होतं ते मला तेव्हा नीट कळलं. माझ्यासमोर ज्या बाईनं आपलं बोलणं मोकळं सोडलं, तिचं बोलणं मी उचललं आणि तिलाच दाखवलं, की बघा, हे चोराला शोभतं. वर दादही मागितली. ऐतिहासिक मालिकांमध्ये नोकर जसे बोलतात आणि महाराज जसे बोलतात, तीच वाटणी मी डोळे मिटून केली होती. मला स्वतःची लाज वाटली. दहा दिवसांनी डॉक्टर डोळा तपासणार होते आणि त्यानंतरच्या शनिवारी मावशी गावी परतणार होत्या. जाताना त्या माझ्याशी अशाच ‘जायचे आहे’ करत जाणार, या विचारानं मला जेवण जाईना. पुस्तकाचं काय व्हायचं ते होवो, पण ते नको होतं.

लेक जिन्यात भेटली तेव्हा मी तिला विचारलं, की आई गावाकडे करायच्या काय? "तंबाखूच्या वखारीत मुकादम होती," ती म्हणाली. "साठ-सत्तर बायका हाताखाली. मालकसुद्धा तिला विचारून आत यायचा." मग म्हणाली, "तुमच्याकडे हल्ली फार शुद्ध बोलते म्हणे. घरात मला पण टोकते." तिनं ते हसून सांगितलं, पण मला हसू आलं नाही.

डॉक्टरांनी डोळा बरा झाल्याचं सांगितलं, त्या दिवशी संध्याकाळी मी मावशींना जयनगरच्या बाजारात घेऊन गेले. त्यांना लेकीसाठी फुलं घ्यायची होती, मला घेवडा. मी भाजीवालीपुढे उभी राहिले आणि अकरा वर्षांत कमावलेलं माझं कन्नड बाहेर काढलं, "दयविट्टु, अर्ध केजी बीन्स कोडि." म्हणजे, कृपया अर्धा किलो घेवडा द्यावा. हे मी वर्गात शिकले आहे, फी भरून. भाजीवाली तोंडाला पदर लावून हसली आणि शेजारणीला तेच वाक्य म्हणून दाखवलं. नेहमीच हसते. मी नेहमीप्रमाणे घाम पुसला.

मावशी पलीकडे फुलवालीशी बोलत होत्या. "एनम्मा, इदु हूवा, हुल्ला?" फूल आहे का गवत हे, एवढं मला समजलं. बाकीचं भराभर निघून गेलं. फुलवालीनं आधी डोळे वटारले, मग हसली, मग स्वतःचं स्टूल पुढे सरकवलं. मावशी बसल्या. काळा चष्मा, मांडीवर पिशवी, हात जरासा वर. फुलवाली एकेक गजरा दाखवत होती आणि मावशी मान हलवून नको म्हणत होत्या. आवाज कुठेही चढलेला नव्हता. दोन माणसं तर खोळंबून नुसती बघत उभी होती. मीही बघत होते. सहाशे पानांत मला न सापडलेली राणी जयनगरच्या बाजारात स्टुलावर बसली होती, आणि तिच्या तोंडी एकही अवघड शब्द नव्हता.

परतताना रिक्षात त्यांनी मला विचारलं, "तुम्ही भाजीवालीशी कलेक्टरशी बोलल्यासारखे का बोलता?"

"चुकेल अशी भीती वाटते," मी म्हटलं. "ती हसेल, अशी."

"हां," मावशी म्हणाल्या. "तसेच असते." आणि बाहेर बघायला लागल्या.

बनशंकरी येईपर्यंत मी त्याचाच विचार करत होते. ज्याला भीती, तो जपून बोलतो. ज्याचं घर, तो मोकळा बोलतो. इतकी साधी गोष्ट. मी त्या भाजीवालीपुढे जशी उभी असते, तशा मावशी दहा दिवस माझ्यापुढे खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. आजवर मी समजत होते की मी त्यांना ऐकते आहे. त्यांच्या लेखी तो दरबार होता, आणि बुरुजावर मी होते.

घरी येऊन मी दरबाराचं प्रकरण काढलं. चोर पकडला गेलाय, वारा परत करायला आणलाय, आता शिरच्छेद होणार या भीतीनं तो राणीपुढे उभा आहे. माझ्या मसुद्यात तो तिथेही ठसक्यात बोलत होता, आणि राणी अलंकार घालून. मी सगळं उलटं केलं. चोराला माझी मराठी दिली. "महाराणींच्या चरणी माझी नम्र विनंती आहे" असं तो बोलायला लागला, अडखळत, ऐकलेले शब्द चुकीच्या जागी लावत. काय सांगू, तो एकदम खरा झाला. आता त्याच्या गुडघ्यांची थरथर लिहायची गरज उरली नाही. मी तीन डोक्यांच्या राक्षसिणीकडेही पुन्हा बघितलं. तिचं मधलं डोकं कुणाला भीत नाही, बाकीची दोन त्या मधल्याला भितात, हे ठरवल्याबरोबर तिचं एकवचन-अनेकवचन आपोआप सुटलं. मला इतकी मजा वाटली की मी एकटीच टाळी वाजवली.

पण राणीच्या जागा मी कोऱ्या ठेवल्या. तिचा आवाज कुठून घ्यायचा ते मला माहीत होतं. तो खालच्या मजल्यावर होता, आणि आता न विचारता उचलायची माझी छाती नव्हती.

संपादकांना हे सांगितलं तर ते बिचकले. "राणी गावाकडची वाटेल हो. वाचक हसतील."

"राणीला कुणाची भीती आहे?" मी विचारलं. "मग ती कशाला जपून बोलेल?"

"करून पाठवा," ते म्हणाले. "छापायचं की नाही ते बघू."

शुक्रवारी दुपारी मी खाली गेले. आजवर त्याच जिना चढून वर येत होत्या, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असतानासुद्धा. मी एकदाही खाली गेले नव्हते, हे मला त्यांच्या दारात उभी राहिल्यावर लक्षात आलं. लेक कामावर गेली होती. मावशी जमिनीवर चटई टाकून अवरेकाळू सोलत बसल्या होत्या. हे आपल्या पावट्याचं इथलं भावंड, हिवाळ्यात सगळं शहर सोलत असतं. भोवती शेंगांची टरफलं, एका कोपऱ्यात अर्धी भरलेली पिशवी. त्यांनी चष्म्यातून वर बघितलं.

मी काय बोलायचं ते जिन्यात पाठ केलं होतं. हातातले कागद छातीशी धरून मी सुरुवात केली, "मावशी, मी आपल्या भाषेचा वापर आपली अनुमती न घेता केला. त्यामुळे आपल्या भावना दुखावल्या असतील, तर त्याबद्दल मी मनापासून दिलगिरी व्यक्त करते." एवढ्यात मला माझंच ऐकू आलं. काल दरबारात उभा केलेला चोर शब्दशः असाच बोलत होता. पुढचं वाक्य आठवेना आणि मी नुसतीच उभी राहिले.

मावशींनी हातातली शेंग खाली ठेवली. माझ्याकडे नीट बघितलं, बऱ्या झालेल्या डोळ्यानं. आणि त्या हसायला लागल्या, पोट धरून, पहिल्या आठवड्यात हसायच्या तशा.

"कुणाच्या सभंला आलीयस गं?" त्या म्हणाल्या. "बस की. उभी का ऱ्हायलीस?"

मी बसले. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. त्यांनी माझ्यापुढे मूठभर शेंगा लोटल्या आणि आपलं बोलणं सुरू केलं. लेक एकटी राहते, धड जेवत नाही, तिला मी बघायचं. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला पुन्हा इथे यावं लागणार, "पर मी काय आता एवढ्यात येत न्हाई, सांगालो तुला." मी सोलत होते आणि ऐकत होते. मग त्यांनीच कागदाकडे बोट दाखवलं. "वाच की. आणलंयस न्हवं?"

मी दरबार वाचला. चोर "नम्र विनंती" म्हणाला तेव्हा त्या मान हलवून म्हणाल्या, "भ्यालाय गं बिचारा." मी वाचत राणीच्या जागी आले आणि थांबले.

"हितं काय म्हणती ती?"

"ते अजून लिहिलं नाही."

"का गं?"

मी कागद खाली ठेवला. "आत्ता मी दारात उभी होते तेव्हा तुम्ही जे म्हणालात ना, ‘बस की, उभी का ऱ्हायलीस’, ते मला राणीच्या तोंडी हवंय. चोराला ती शिक्षा देत नाही, एवढंच म्हणते. पण ते तुमचं आहे, म्हणून विचारते. घेऊ का?"

मावशींनी एक शेंग सोलली, दाणे पातेल्यात टाकले, टरफल बाजूला सारलं.

"घे की," त्या म्हणाल्या. "इचारून घेतंय, ते चोर कसलं गं?"